एकास पस्तीस

एक्कावन्न टनांचं पोलादी धूड घरातल्या टेबलावर बसवायचं असेल, तर त्याला पस्तीसने भागावं लागतं. आणि तेही एकदा भागून भागत नाही. 'सेंच्युरियन' या ब्रिटिश बनावटीच्या रणगाड्याची तोफेच्या नळीसकट लांबी पावणेदहा मीटरच्या आसपास. ती पस्तीसने भागली की अठ्ठावीस सेंटीमीटरवर येते. रुंदी साडेतीन मीटरला जराशी कमी; ती दहा सेंटीमीटरच्या आत बसते. वजनाला मात्र पस्तीसने तीनदा भागायचं, लांबीसाठी एकदा, रुंदीसाठी एकदा आणि उंचीसाठी एकदा. म्हणजे एक्कावन्न टनांचे उरतात जेमतेम बाराशे ग्रॅम. अर्थात हा रणगाडा आतून-बाहेरून पोलादाचाच घडवला तर. खोक्यातून येतो तो याहून पुष्कळ हलका असतो, कारण तो पॉलिस्टायरिनचा असतो. दह्याचे पांढरे कप ज्या प्लास्टिकचे करतात, त्याच जातीचं हे प्लास्टिक.

सुटे भाग जोडून, घासून, रंगवून लष्करी वाहनांच्या हुबेहूब प्रतिकृती करणं हा जगभरच्या असंख्य माणसांचा छंद आहे. त्यांत शाळकरी पोरं कमी आणि डोक्यावरचे केस विरळ झालेली मंडळी जास्त. आणि रणगाड्यांच्या बाबतीत या मंडळींचं प्रमाण ठरलेलं: एकास पस्तीस. आता हा आकडा पस्तीसच का? तीस किंवा चाळीस का नाही? माझी उमेद बँकेतल्या खातेवह्यांत गेली, त्यामुळे असा आडनिडा आकडा दिसला की तो कुठून आला हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. शोधल्यावर जे सापडलं ते मजेशीर आहे. या आकड्यामागे लष्करी शास्त्र नाही की भूमिती नाही. टॉर्चमध्ये घालतात तसल्या दोन बॅटऱ्या आहेत.

जपानमधल्या शिझुओका शहरात तामिया नावाच्या कुटुंबाची लाकडाची वखार होती. हे गावच सुतारांचं. तोकुगावा शोगुनांनी तिथल्या सेनगेन देवस्थानाच्या बांधकामासाठी दूरदूरचे कारागीर आणले आणि त्यातले पुष्कळसे तिथेच स्थायिक झाले, असं सांगतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तामियांनी वखारीच्या जोडीला जहाजांचे लाकडी नमुने करायला घेतले. १९५१ साली वखारीला आग लागून माल जळाला. पुढे त्यांनी इमारती लाकडाचा धंदा बंद करून नमुन्यांवरच लक्ष केंद्रित केलं. तोवर प्लास्टिकचे नमुने बाजारात आले आणि लाकडी जहाजांना गिऱ्हाईक मिळेना. १९६० साली तामियांनी प्लास्टिकची पहिली युद्धनौका काढली, 'यामातो'. प्रतिस्पर्ध्याने तीच नौका स्वस्तात विकायला काढली. भाव पाडावा लागला आणि साच्याचा खर्चसुद्धा निघाला नाही.

तेव्हा घरातल्या तरुण मुलाने, शुनसाकू तामियाने, जर्मनांच्या 'पँथर' रणगाड्यावर डाव लावला. हा रणगाडा मोटरवर चालणारा होता. त्याच्या पोटात मोटर आणि दोन बॅटऱ्या मावायला हव्यात, म्हणून पोट तेवढं मोठं ठेवलं. पँथर धडाक्याने खपला. मग याच मापात आणखी रणगाडे काढावेत असं ठरलं. पण हे माप नेमकं कोणतं, ते मोजून पाहिलं तर मूळ रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाचं भरलं. बस्स, तेव्हापासून पस्तीस! पुढे मोटरी गेल्या, बॅटऱ्या गेल्या, आकडा राहिला. आज चीनपासून युक्रेनपर्यंतचे कारखाने त्याच मापात रणगाडे काढतात. शुनसाकू तामिया २०२५ च्या जुलै महिन्यात नव्वदाव्या वर्षी वारले. १९४७ च्या राज्यघटनेत ज्या देशाने युद्धाचा मार्ग कायमचा सोडला, त्याच देशातल्या एका गावाने जगाला घरबसल्या रणगाडे बांधायला शिकवलं. इतिहासाला असले विनोद सुचतात.

खोकं उघडलं की आत चौकटी असतात. चिंचेला आकडे लोंबावेत तसे त्या चौकटींना रणगाड्याचे शेदोनशे तुकडे लटकलेले, प्रत्येकाला नंबर. सोबत चित्रांची पुस्तिका. तुकडा चौकटीपासून पिळून तोडायचा नाही, चिमट्याने कापायचा. मग जिथे देठ होता ती जागा पॉलिश पेपरने घासायची. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे प्रत्येक तुकड्यावर केसाएवढी रेघ उमटलेली असते, तीही घासून काढायची. तोफेच्या नळीवरची ही रेघ राहिली, तर कितीही सुंदर रंग द्या, बघणाऱ्याला प्लास्टिकच दिसतं.

चिकटवण्यासाठी जे वापरतात त्याला आपण सवयीने गोंद म्हणतो, पण तो गोंद नव्हे. पाण्यासारखा पातळ द्रव असतो आणि तो प्लास्टिकला विरघळवतो. दोन तुकडे एकमेकांना लावून धरायचे आणि फटीच्या तोंडाशी कुंचल्याचं टोक नुसतं टेकवायचं. द्रव आपोआप फटीतून धावत जातो. शाळेत केशाकर्षण शिकलो होतो, ते इथे डोळ्यांना दिसतं. दोन्ही कडा विरघळून एकमेकांत मिसळतात आणि द्रव उडून गेला की जोड राहतो तो लोहाराने सांधल्यासारखा. वास उग्र असतो. खिडकी उघडी ठेवावी. आणि नातवंडं मदतीला बसली असतील, तर ब्लेड आपल्या हाताशी ठेवावं.

सेंच्युरियनला प्रत्येक बाजूला सहा जोडचाकं, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चोवीस चकत्या. प्रत्येकीच्या कडेला रबराची धाव, ती काळपट रंगवायची. ती हाताने गोल रंगवायला गेलं तर कुणाचाही हात थरथरेल. त्याला युक्ती आहे. चाक टूथपिकवर खोवायचं, कुंचला स्थिर धरायचा आणि चाक फिरवायचं. कुंभाराची रीत. एवढं करून झालं की चाकांच्या वरच्या अंगाला पत्र्यांचे पडदे बसतात आणि चोवीस चकत्यांपैकी निम्मंअधिक काम झाकून जातं. मग जे दिसणारच नाही ते रंगवायचं कशाला? या प्रश्नावर या छंदातले लोक तावातावाने भांडतात. मी रंगवतो. कादंबरीतल्या पात्राचं जे आयुष्य पुस्तकात येतच नाही, ते लिहिणाऱ्याला ठाऊक असलं की पात्र वेगळं चालतं, असा माझा जुना समज आहे. इथेही तो सोडवत नाही.

खरी गंमत आणि खरी परीक्षा रंगात आहे. कारखान्यात वापरतात तोच हिरवा रंग डब्यातून आणून दिला, तर छोटा रणगाडा काळाकुट्ट दिसतो. अठ्ठावीस सेंटीमीटरची वस्तू आपण फूटभर अंतरावरून बघतो, तेव्हा खरा रणगाडा पस्तीस फुटांवरून बघत असतो. अंतराबरोबर रंग फिकट होतो. म्हणून मूळ रंगात थोडा पांढरा किंवा मातकट रंग मिसळायचा. तो वाळला की काळपट तपकिरी रंग भरपूर पातळ करून वरून सोडायचा; तो खाचाखोचांत, बोल्टांच्या बुडाशी जाऊन बसतो आणि एका दिवसात रणगाड्याचं वय वाढतं. मग त्याच्या उलट: कुंचल्यावर फिका रंग घ्यायचा, तो फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उरलेला कोरडा कुंचला कडांवरून हलकेच ओढायचा. जिथे माणसांचे बूट घासतात, जिथे झडपा उघडतात, तिथे उजेड पडल्यासारखं होतं.

इथपर्यंत सगळं ठीक असतं. पुढे मोह सुरू होतो. गंज! नव्याने या छंदात पडलेला माणूस रणगाड्याला गंज इतका लावतो की तो भंगारवाल्याकडून आणल्यासारखा वाटतो. लढाईतला रणगाडा गंजलेला नसतो. ज्यांचा जीव त्या यंत्रावर अवलंबून असतो, ती माणसं त्याची निगा राखतात. गंज येतो तो धुराच्या नळकांड्यावर, कारण उष्णतेने तिथला रंग जळतो. पट्टे तपकिरी पडतात, पण जिथे ते जमिनीला घासतात तिथे चांदीसारखे चकाकतात. बाकी सगळी धूळ आणि चिखल. धुळीचाही हिशेब असतो. अंगणातली वाळू चाळून लावली तर अर्ध्या मिलिमीटरचा कण पस्तीस पटीने पावणेदोन सेंटीमीटरचा खडा होतो. म्हणून पिठासारखी बारीक रंगपूड वापरायची. आणि माती कुठली ते ठरवायचं. नगर-सोलापूरची काळी माती सगळीकडे चालत नाही.

माती ठरवायची, म्हणजे रणगाडा कुठे होता हे ठरवायचं. कुठे म्हटलं की केव्हा आलं, आणि केव्हा म्हटलं की कोणाचा आलं. इतका वेळ प्लास्टिकशी चाललेला खेळ इथे थबकतो.

भारतीय रणगाडा करायचा तर बहुतेक वेळा खोक्यातली चित्रं आणि अक्षरं बाजूला ठेवावी लागतात. ती ब्रिटिश किंवा आणखी कुठल्या पलटणीची असतात. आपल्या लष्करी वाहनांच्या नंबरपट्टीवर वर तोंड केलेला बाण असतो, तो स्वतःच काढावा लागतो. मी सेंच्युरियन निवडला तो 'पूना हॉर्स'साठी. १८१७ साली पेशव्यांशी झालेल्या तहातून जे घोडदळ उभं राहिलं, त्याची ही वारसदार पलटण. घोडे गेले, रणगाडे आले, पुण्याचं नाव राहिलं. याच पलटणीच्या दोन अधिकाऱ्यांना, सहा वर्षांच्या अंतराने, सेंच्युरियनवरच्या लढाईसाठी मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

पहिले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर. जन्म मुंबईचा, शाळा पुण्यातली. १९६५ च्या सप्टेंबरात सियालकोट आघाडीवर फिल्लोराच्या लढाईत ११ तारखेला ते जखमी झाले, मागे जायला त्यांनी नकार दिला आणि १६ तारखेला बुतूर डोग्रांडीजवळ कामी आले. ते पलटणीचे प्रमुख होते. दुसरा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. याचा तर जन्मच पुण्याचा, १९५० चा. जून १९७१ मध्ये लष्करात दाखल झाला आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढ भागात बसंतर नदीच्या लढाईत गेला. वय एकवीस, नोकरी सहा महिने. ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली, तो हाच दिवस. त्याच्या रणगाड्याचं नाव होतं 'फामागुस्ता', सायप्रसमधल्या एका बंदराचं. रणगाड्यावर मारा झाला, आग लागली, वरिष्ठांनी वायरलेसवरून बाहेर पडायला सांगितलं. आपली तोफ अजून चालते आहे असं कळवून तो लढत राहिला.

रणगाड्यात तो एकटा नव्हता. चौघं होती. माझा नातू नऊ वर्षांचा आहे. अर्धवट जोडलेल्या रणगाड्याचा वरचा फिरता भाग, ज्याला टरेट म्हणतात, तो उचलून त्याने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "आजोबा, हा तर रिकामाच आहे! माणसं कुठे बसतात?" मी त्याला बोटाने जागा दाखवल्या. इथे पुढे, उजव्या हाताला, एकटा ड्रायव्हर. वर टरेटमध्ये तिघं: तोफ डागणारा, तोफेत गोळा भरणारा, तोच वायरलेसही बघतो, आणि कमांडर. 'फामागुस्ता'मध्ये ड्रायव्हर होता प्रयाग सिंग, तोफेवर नथू सिंग, वायरलेसवर नंद सिंग. नंद सिंगही त्याच दिवशी गेला. नातवाने टरेटच्या आतल्या पोकळीत दोन बोटं घालून पाहिली. "तिघं मावतात?" खरा रणगाडा बाहेरून बघितला तर कोणालाही हाच प्रश्न पडेल. बाहेरून किल्ला आणि आतून कपाट. गोळे, तोफेचं बूड, दारूगोळ्याच्या खणांमधून उरलेली जागा माणसांची. सेंच्युरियनमध्ये पाणी उकळायचं विजेवरचं भांडं कारखान्यातूनच बसवलेलं असे, ही एक गोष्ट नातवाला फार आवडली. चहासाठी का होईना, कोणीतरी माणसांचा विचार केला होता.

हा रणगाडा खरा बघायचा असेल तर फार लांब जायला नको. अहमदनगरला, २०२४ पासून ज्याचं नाव अहिल्यानगर झालं तिथे, लष्कराचं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनची चिलखती वाहनं तिथे झाडांच्या सावलीत ओळीने उभी आहेत. मुलांना जरूर न्यावं. नमुना करणाऱ्याला तिथे एक वेगळंच शिक्षण मिळतं. सेंच्युरियनचं टरेट ओतीव पोलादाचं, हात लावला तर खडबडीत, जुन्या पाट्यासारखं. खोक्यातलं टरेट गुळगुळीत असतं. घरी येऊन त्यावर विरघळवणारा द्रव चोपडायचा आणि आखूड केसांच्या ताठ ब्रशने ठोकायचं, म्हणजे तसा पोत उठतो. टरेटच्या पुढच्या अंगाचं पोलाद सहा इंच जाड. पस्तिसाव्या हिश्शाने ते सव्वाचार मिलिमीटर होतं. आणि तरीही ते भेदलं जातं. 'फामागुस्ता'ही पुढे नगरच्याच आर्मर्ड कोअर केंद्रात जतन करण्यात आला.

आता मुद्दा असा की भेदलेलं दाखवायचं का. या छंदात ते अवघड नाही. सुई तापवायची, प्लास्टिकमध्ये खुपसायची. कडा वितळून बाहेर येतात आणि गोळा लागल्याचं भोक हुबेहूब दिसतं. कापसाला काळा-नारिंगी रंग देऊन धूर आणि ज्वाळाही करतात. परदेशी मासिकांत असे जळते रणगाडे पानपानभर असतात आणि कारागिरी अशी की तोंडात बोट जावं. काही जण म्हणतात, युद्ध दाखवायचं तर तेच खरं; चकचकीत नवाकोरा रणगाडा हे खोटं. त्यांचं म्हणणं मला अगदीच झिडकारता येत नाही. माझे एक परिचित उलट बाजूने टोचतात. "या वयात तोफा-रणगाडे काय खेळता? संहाराचं यंत्र शोकेसमध्ये ठेवून काय साधतं?" त्यांना मी एवढंच म्हणतो, की महिनाभर हाताळल्यावर यंत्राबद्दल जे कळतं ते चौकात चौथऱ्यावर ठेवलेला रणगाडा बघून कळत नाही. आत जागा किती कमी आहे, हे मला नऊ वर्षांच्या मुलाच्या दोन बोटांनी कळलं.

अरुण खेत्रपालच्या वडिलांची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल मूळचे सरगोध्याचे. फाळणीने ते गाव सीमेपलीकडे गेलं. २००१ साली, एक्क्याऐंशीव्या वर्षी, ते जन्मगाव पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी त्यांचा पाहुणचार केला, अगदी घरच्यासारखा. निघायच्या आदल्या रात्री यजमानांनी सांगितलं, की बसंतरच्या लढाईत समोरच्या रणगाड्यात मी होतो आणि तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. त्या दोघांनी तो प्रसंग कसा निभावला असेल, यावर मी कादंबरीकार असूनही एक वाक्य लिहू शकलो नाही. लिहिण्याचा प्रयत्नही केला नाही.

हे माहीत असताना तापलेली सुई हातात घेणं मला जमलं नाही. भोक नेमकं कुठे आणि किती मोठं, हा प्रश्न मापाचा आहे आणि मापाचं उत्तर सापडतं. पण ते भोक ज्या क्षणाचं, तो क्षण कोणाचा तरी खासगी आहे. मी ठरवलं की रणगाडा १६ डिसेंबरच्या आधीचा करायचा. गाळाच्या जमिनीतली करडी-पिवळी धूळ पडद्यांवर, पट्ट्यांत थोडा ओला चिखल, टरेटच्या मागच्या टोपलीत गुंडाळलेली ताडपत्री. ताडपत्री टिश्यू पेपरची. पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून दुमडली की तिला खऱ्या कापडासारख्या चुण्या पडतात. सगळं वाळलं तेव्हा एकच काम उरलं, नाव. चार-पाच मिलिमीटरची अक्षरं, एका बैठकीचं काम. पण नाव लिहिलं की तो रणगाडा सरळ त्या दिवसाकडे चालू लागतो. म्हणून दोन रविवार तो बिननावाचाच होता.

खोक्यात बहुधा एखाद-दुसरा माणूस येतो. कमरेपर्यंतचा कमांडर, झडपेतून वर काढायचा. कमांडर लढाईतही असं डोकं बाहेर का काढतात, हे नातवाने विचारलंच. आतल्या काचांमधून जग चिंचोळं दिसतं. उघड्या डोळ्यांनी बघणारा आधी बघतो आणि आधी बघणारा आधी गोळा टाकतो. म्हणून ते बाहेर असतात आणि म्हणून ते आधी पडतात. दुसरा अर्धा भाग मी नातवाला सांगितला नाही. पूर्ण उभा केला तर हा माणूस पाच सेंटीमीटरचा भरेल. त्याचा डोळा एक मिलिमीटरचासुद्धा नाही. डोळ्यांत पांढरा ठिपका द्यायचा की नाही, यावरही भांडणं आहेत. ठिपका दिला की चेहरा दचकल्यासारखा दिसतो. पस्तीस फुटांवरून माणसाच्या डोळ्यातलं पांढरं दिसत नाही. भुवईखालची सावली तेवढी दिसते. मी सावलीच दिली. खोक्यातला कमांडर ब्रिटिश होता, चाळिशीचा, गालफडं बसलेला. त्याचे गाल पुटीने भरले, मिशी तासून काढली, कातडीचा रंग गव्हाळ केला.

नातवाने भिंग लावून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, हा केवढा आहे? मी म्हटलं, इंचभर दिसतोय ना बाहेर, बाकीचा आत आहे. "तसं नाही हो, वय." एकवीस, म्हटलं. त्याने शाळेतल्या गणितासारखं त्यातून स्वतःचं वय वजा केलं, बारा, आणि पेन्सिल मागितली. कसल्या कागदावर काय लिहितोय म्हणून पाहिलं, तर तो अक्षरांचा सराव करत होता. फा, मा, गु. पाचव्या ओळीत अक्षरं पाच मिलिमीटरच्या आत बसायला लागली होती.